कुडापासून काँक्रीटपर्यंत

दिवाळी अंकात सिमेंट-काँक्रीटवर लेख पाहून पुष्कळ वाचक पान उलटतील, हे मी धरून चाललो आहे. चकल्यांच्या ताटाशेजारी खडीचे घमेले आणून ठेवावे, तसा हा प्रकार. त्यातून मी काही इंजिनिअर नव्हे. शिक्षण मॅट्रिकपुरते, पोटापाण्याला शाळामास्तरकी आणि हौसेला कादंबऱ्या. पण वर्गात इतिहास शिकवताना एक गोष्ट मला नेहमी खुपत आलेली आहे. देवगिरी कोणी घेतली, कंधारचा किल्ला कोणाकडून कोणाकडे गेला, हे आम्ही मुलांकडून घोकून घेतो. ती तटबंदी कशाच्या बळावर उभी राहिली, तिच्यातला चुना कोणी मळला, त्यात काय काय घातले, याविषयी पुस्तकात एक ओळ नसते. राजे आले आणि गेले. भिंती बऱ्याच ठिकाणी अजून आहेत. तेव्हा एखाद्या वर्षी राजांना सुट्टी देऊन भिंतीचा इतिहास सांगितला, तर काय बिघडले?

शिवाय दिवाळीचा आणि भिंतीचा संबंध नाही, असे तरी कोणी म्हणावे? दसरा सरला की खेड्यातल्या बायाबापड्या घराच्या मागे लागतात. पावसाने खरवडून काढलेल्या भिंतींना मातीचा हात द्यायचा, ओटा सारवायचा, मग वरून चुन्याचा नाहीतर पांढऱ्या मातीचा पोचारा. त्या लिंपणाच्या मातीत शेणाबरोबर मूठभर भुसकट पडल्याशिवाय राहत नाही. लहानपणी मी आजीला विचारले होते, "आजी, एवढी चाळून घेतलेली माती, अन् तिच्यात हा कचरा कशाला?" आजी म्हणाली, "माती वाळली की रुसती रे. भुसकट तिला धरून ठेवतं." पुढे मी जे लिहिणार आहे, ते त्या एका वाक्याचे स्पष्टीकरण समजावे.

आमच्या हिमायतनगरला जुनी माणसे अजून वाढोणाच म्हणतात. परमेश्वराचे देऊळ ही गावाची खूण, आणि भोवताली कापसाचा मुलूख. आमच्याकडे जमिनीचे दोन वर्ग फार जुने: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती पिकाला आई, पण घराला वैरीण. पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. म्हणून घर बांधायचे ते पांढरीच्या मातीने. पडक्या गढीची माती तर त्याहून मोलाची. कितीतरी गावांतल्या गढ्या शत्रूने पाडल्या नाहीत, त्या गावकऱ्यांनीच टोपल्या-टोपल्यांनी घरी नेल्या.

गावात घरे दोन प्रकारची. ज्याच्याकडे चार पैसे होते त्याचे घर दगड-मातीच्या रुंद भिंतींचे, वर लाकडी खण आणि खणांवर पांढरीच्या मातीचे जाड माळवद. ज्याच्याकडे काही नव्हते, त्याचा कुड. तुरीच्या तुराट्या नाहीतर कापसाच्या पळाट्या उभ्या-आडव्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या आणि वर गवताचे नाहीतर पाचटाचे छप्पर. वाड्यातला माणूस कुडाच्या घराला घर म्हणत नसे. या दोन घरांकडे आपल्याला पुढे परत यावे लागणार आहे.

आता चिखल करण्याची रीत पाहा. मातीचे आळे करायचे, पाणी सोडायचे, काड आणि भुसकट पसरायचे आणि माणसांच्या किंवा बैलांच्या पायांनी तुडवायचे. मग तसाच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी परत तुडवायचा. असे काही दिवस गेले की चिखल "मुरतो". इतकी यातायात का? तर चिखलाकडून आपल्या दोन मागण्या असतात आणि त्या एकमेकींशी भांडतात. हाताळताना तो मऊ हवा, कोपऱ्या-कपारीत शिरणारा हवा. वाळल्यावर मात्र तो कठीण हवा, न भेगाळणारा हवा. मऊपणा हवा असेल तर पाणी घाला. पण जेवढे पाणी जास्त, तेवढी माती वाळताना आकसणार आणि फाटणार. फाटू नये म्हणून भुसकट घाला; पण भुसकट पाणी पिते, चिखल घट्ट करते, थापी ओढू देत नाही. जुन्या माणसांनी या भांडणात तोड काढली ती अशी की पाण्याऐवजी वेळ घालायचा. तुडवून आणि मुरवून चिखल मऊ करायचा. तो वेळ त्यांच्याजवळ होता.

ही विद्या केवळ खेडवळांची होती, असेही नव्हे. वेरूळच्या लेण्यांत जो मातीचा गिलावा आहे, त्याच्या नमुन्यांची तपासणी करून पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्या गिलाव्यात त्यांना मिसळलेले धागे सापडले, आणि ते धागे भांगेच्या झाडाचे निघाले. वाचकांनी हसू नये. शिल्पी भांग पिऊन काम करीत होते, असा त्याचा अर्थ नाही. भांगेचे झाड हे अंबाडी-तागाच्या तोडीचे वाखाचे झाड आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यातही भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे आहेत, पण तिथे किड्यांनी पुष्कळ नासधूस केली. वेरूळला तशी नासधूस झाली नाही, याचे श्रेय ते अभ्यासक भांगेला देतात. म्हणजे गिलाव्यात काहीतरी तंतू हवा एवढेच नव्हे, तर कोणता तंतू हवा, याची निवड करणारा कारागीर हजार-दीड हजार वर्षांपूर्वी आमच्या मराठवाड्यात होता. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

तंतूने माती धरली. पण पाणी न वाढवता ती मऊ कशी करायची, हा दुसरा प्रश्न. त्याची उत्तरे चुन्याच्या कामात सापडतात. घाणीचा चुना म्हणजे बैलांच्या चाकाखाली तासन् तास रगडलेला चुना. त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, कुठे उडदाचे पीठ. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त वज्रलेपाची कृतीच देऊन ठेवली आहे: कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, सालईचे बी, धामणीची साल आणि वेखंड पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा आणि त्यात पुढे डिंक-राळेसारखी द्रव्ये मिसळायची. वाचताना दिवाळीनंतर पोट बिघडलेल्या माणसाचा काढा वाटतो! पण यात अक्कल आहे. गुळाने चुना मवाळ होतो, कमी पाण्यात मळता येतो आणि घट्ट व्हायला वेळ घेतो. आजच्या सिमेंटमध्येही चिमूटभर साखर पडली तर ते तासन् तास बसत नाही. जास्त पडली तर मुळी बसतच नाही. आज कारखान्यांतून पिंपाने येणाऱ्या औषधांचा गूळ हा आजोबा आहे.

मग सिमेंट आले. १८२४ साली इंग्लंडात लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. १८६७ साली जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने तारेची जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले. आजच्या उत्तुंग इमारतींच्या पोटातल्या सळईचा वंश असा एका फुलझाडाच्या कुंडीपर्यंत जातो, हे मुलांना सांगितले की त्यांना फार गंमत वाटते. आपल्याकडे पोरबंदरला १९१४ साली सिमेंट निघू लागले. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली, त्यात निजामाच्या मुलखातली शहाबादचीही होती. इथपर्यंत ठीक. पण सिमेंट तासा-दोन तासांत बसू लागते. ते मुरत घालता येत नाही. त्यामुळे वेळेची जागा पाण्याने घेतली, आणि इथून पुढच्या पुष्कळ दुःखाचे मूळ मला त्यात दिसते.

१९१८ साली शिकागोच्या डफ एब्रम्स या संशोधकाने शेकडो नमुने फोडून एक साधा नियम सांगितला. काँक्रीटची ताकद ठरते ती सिमेंटच्या प्रमाणात पाणी किती घातले, त्यावर. पन्नास किलोच्या पोत्याला रासायनिक क्रियेसाठी बारा लिटरांच्या आसपास पाणी लागते. हाताळता यावे म्हणून साधारणतः वीस ते पंचवीस लिटर घालतात. जे जास्तीचे, ते पुढे उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या ठेवते. पंचवीसच्या जागी पस्तीस लिटर गेले, तर ताकदीचा तिसरा हिस्सा तरी गेलाच म्हणून समजा. दुसरा शत्रू हवा. माल नीट ठासला नाही आणि शंभरात पाच भाग पोकळी राहिली, तर ताकद तीस टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणून मालात कंप देणारे यंत्र फिरवायचे, ज्याला आमच्याकडे सगळे व्हायब्रेटर म्हणतात. ते नसले तर सळईने खोचायचे.

हे सारे पुस्तकात. आमच्या तालुक्याच्या गावी स्लॅब पडतो तो कसा? मिक्सर घरघरतो आहे, बाया डोक्यावर घमेली घेऊन शिडीवर रांगेत उभ्या आहेत, ऊन तापले आहे, आणि वर उभा असलेला मिस्त्री ओरडतो आहे, "पाणी सोडा रे, माल सरकंना!" मी एकदा म्हटले, "मिस्त्री, पाण्याने ताकद जाते म्हणतात." तो म्हणाला, "जाती की गुरुजी. पर कोरडा माल सळईखाली जात न्हाई. खाली पोकळ राहिलं तर ताकद घिऊन काय करता?" वाचकहो, त्या माणसाचे म्हणणे खोटे नव्हते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पोकळी. चिखल मुरत घालणाऱ्यांचेच भांडण, नव्या कपड्यांत.

आता ३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. मी तेव्हा शाळकरी मुलगा. आमचे गाव तिथून पुष्कळ लांब. आम्हांला कळले ते रेडिओवरून, आणि मग गावातून कपडे आणि धान्याच्या गोण्या निघू लागल्या, त्यावरून. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव ही नावे तोपर्यंत आम्हां नांदेडच्या मुलांनी ऐकली देखील नव्हती. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे अशी झाली, की ती पुन्हा नव्या जागी वसवावी लागली. धक्का होता ६.२ च्या सुमाराचा. एवढ्या तीव्रतेच्या धक्क्यात इतकी माणसे का मरावीत, हा प्रश्न देशोदेशींच्या अभियंत्यांनी विचारला, आणि त्याचे उत्तर जमिनीखाली नव्हते, जमिनीवर होते.

उत्तर भिंतीत होते. काळ्या दगडाचे ओबडधोबड गुंडे आत-बाहेर दोन पदरांत रचायचे, मध्ये माती आणि कपच्या भरायच्या. भिंत बाहेरून दोन-अडीच फूट रुंद, दिसायला बुलंद. पण हे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते. पदर आरपार जोडणारा लांब बंधाचा दगड महाग पडतो, घडवावा लागतो, म्हणून पुढे पुढे तो गळला. वर माळवद. दर वर्षी गळती थांबवायला त्यावर मातीचा आणखी एक थर. आजोबाचा, बापाचा, नातवाचा थर. अनेक घरांच्या डोक्यावर असे दीड-दोन फूट मातीचे ओझे तोललेले होते. धक्का आला तसे भिंतीचे दोन पदर दोन दिशांना फाकले, गुंडे गडगडले आणि पिढ्यान् पिढ्यांची पांढरी झोपलेल्या माणसांवर उतरली. तपासणीसाठी गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. जिथे लाकडी खणांचा सांगाडा पक्का होता, तिथे कितीदा भिंती ढासळूनही खण उभे राहिले होते. आणि कुडाची, गवती छपराची घरे बरीचशी वाचली. लिंपण पडले, कुड वाकला; पण तुराट्यांनी माती धरून ठेवली, आणि जे पडले त्यात माणूस मारण्याइतका भार नव्हता.

ज्याला वाड्यातला माणूस घर म्हणत नव्हता, त्या घरात त्या पहाटे माणसे जिवंत राहिली. मी हे गरिबीचे गुणगान म्हणून लिहीत नाही. कुडात विंचू निघतो, पावसाळ्यात भिंत भिजते आणि एका ठिणगीने संसार जातो, हे मला ठाऊक आहे. मी लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की कठीण असणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुंडा तुराटीहून शेकडो पटीने कठीण. पण तडा गेल्यावर पुढे काय, या प्रश्नाला गुंड्याजवळ उत्तर नव्हते; तुराटीजवळ होते.

भूकंपानंतर जी घरे तडकून उभी राहिली होती, त्यांच्या मजबुतीकरणात एक उपाय फार सुंदर होता. रूडकीचे आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी तो पुढे आणला. भिंतीतला एकेक गुंडा अलगद सोडवून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे. झाला बंधाचा दगड तयार! बांधणीच्या मानकाप्रमाणे असे बंध उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर हवेत. उपाय साधा, पण त्या अरुंद भोकात, सळईभोवती, काँक्रीट पोकळी न ठेवता भरायचे कसे? तिथे व्हायब्रेटर जात नाही. हात जात नाही. माल आपण होऊन जाईल तरच जाणार.

हीच अडचण जगाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या कारणाने उभी राहिली होती. जपानमध्ये १९८० नंतर काँक्रीटची बांधकामे अकाली खराब होऊ लागली. कारण शोधता असे दिसले की माल नीट ठासणारे निष्णात कामगार कमी झाले आहेत. टोकियो विद्यापीठाच्या हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ साली असा विचार मांडला, की माणूस ठासत नसेल तर काँक्रीटच असे करावे की त्याला ठासावे लागू नये. १९८८ साली ते तयार झाले. मराठीत त्याला आपले आपण बसणारे काँक्रीट म्हणता येईल. १९९८ साली खुल्या झालेल्या आकाशी-कैक्यो या प्रचंड झुलत्या पुलाचे दोर ज्या ठोकळ्यांना जखडले आहेत, ते ठोकळे याच काँक्रीटचे. अडीच वर्षांचे काम त्यामुळे दोन वर्षांत झाले. आपल्याकडे कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात २००४ च्या सुमारास त्याचे प्रयोग झाले, कारण तिथे सळयांची इतकी दाटी असते की मध्ये बोट शिरत नाही. २०१९ साली भारतीय मानकातही त्याचे प्रमाण कसे काढावे ते आले.

हे काँक्रीट पाणी न वाढवता वाहते कसे? घरच्या गृहिणीला हे चटकन कळेल. बुंदीचा पाक पातळ असेल तर बुंदी तळाशी बसते आणि पाक वर राहतो. लाडू वळत नाही. पाक फार घट्ट असेल तर तो बुंदीत शिरतच नाही. बेताचा पाक वाहतोही आणि बुंदीला तोलून धरतो. काँक्रीटमध्ये सिमेंटचा लगदा हा पाक आणि खडी ही बुंदी. त्यासाठी मोठी खडी कमी करतात, बारीक पूड वाढवतात. ही पूड म्हणून दगडी कोळशाची राख फार उपयोगी पडते. आमच्या परळी वैजनाथच्या वीज केंद्रातून निघते तसली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण मोहरीसारखे गोल दिसतात आणि ते एकमेकांवरून घरंगळतात. आणि वर अगदी थोडे औषध. १९६० नंतरच्या दशकात जपान आणि जर्मनीत या औषधांचा शोध लागला. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गोळे करतात आणि पाणी पोटात अडवून धरतात. औषध त्या कणांना दूर सारते आणि अडलेले पाणी मोकळे करते. गूळ आणि बेलफळ जे अंदाजाने करीत होते, ते हे मोजून करते.

आता राहिला तंतू. साध्या काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद दांडगी, पण ओढ सोसण्याची तिच्या दहाव्या हिश्श्याएवढी. मोठी ओढ सळई घेते. परंतु सळईच्या मधल्या जागेत भेग पडायची ती पडतेच. १९६३ साली अमेरिकेत रोमुआल्डी आणि बॅट्सन यांनी दाखवले की पोलादाच्या बारीक तारा जवळजवळ पसरल्या तर भेग फाकू देत नाहीत. तिथून वाखाच्या काँक्रीटची लाट आली. दीड-दोन इंच लांबीच्या, टोके वाकवलेल्या पोलादी तारा. शंभरात एक भाग घालायचा म्हटले तर घनमीटरला ७८ किलोंच्या आसपास लागतात. प्लास्टिकचे केसासारखे धागे घनमीटरला जेमतेम नऊशे ग्रॅम. ते ओल्या काँक्रीटला उन्हात पडणाऱ्या बारीक भेगा रोखतात. पण या तारा आणि धागे मालात घातले की माल अडतो. जास्त झाले तर अंबाडीचा वाख पाण्यात गुंतावा तसे गोळे होतात. भुसकटाने चिखल घट्ट होतो, तीच तऱ्हा. म्हणून आपले आपण बसणारे काँक्रीट आणि वाखाचे काँक्रीट यांचे लग्न लावण्याची कल्पना निघाली. एक वाहते ठेवील, दुसरे धरून ठेवील.

हा संसार कसा चालतो ते मी डोळ्यांनी पाहिले. माझी एक जुनी विद्यार्थिनी नांदेडला अभियांत्रिकी शिकते. तिने मला प्रयोगशाळेत नेले. एक फूट उंचीचे, वर चार इंच आणि खाली आठ इंच रुंदीचे पत्र्याचे नरसाळे सपाट पत्र्यावर ठेवून काँक्रीटने भरले. एरवी नरसाळे उचलले की काँक्रीटचा ढीग थोडा खचतो आणि किती खचला ते मोजतात. इथे ते उचलताच माल परातीत ओतलेल्या पाकासारखा चहूकडे पसरला, आणि दोन फुटांहून थोडा मोठा गोल झाला. पहिल्या अर्ध्या मीटरला लागले तीन सेकंद. "सर, आता तारा घातलेला बघा," ती म्हणाली. तो सावकाश पसरला; गोल आधीच्याहून लहान आणि मधोमध तारांचा एक उंचवटा. "हा नापास," ती हसून म्हणाली. "तारा बुंदीसारख्या मागे राहिल्या. पाक बदलावा लागेल." पुढचा जमला.

मग तिने ठोकळे फोडून दाखवले. सहा इंची घन, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेला. गावच्या घराला लागणारे चांगले काँक्रीट असेल तर तो सत्तावन्न टनांच्या आसपास भार घेऊन फुटतो. तारा घातल्या म्हणून हा आकडा फारसा वाढत नाही, हे ऐकून मी जरा निराश झालो. पण नंतर दोन टोकांवर टेकवलेल्या तुळया वाकवल्या. साधी तुळई ठक्क आवाज करून एकदम दोन तुकडे झाली. आधी काही कुरकुर नाही, सूचना नाही. तारांची तुळई तडकली, भेग डोळ्यांना दिसली, पण ती पडली नाही. वाकत राहिली, भार घेत राहिली. मला किल्लारी आठवली. घरातला माणूस अंगणात पोचायला किती क्षण लागतात, हे मी मनाशी मोजत होतो.

या नव्या काँक्रीटचा मी भाट नव्हे. ते महाग आहे. त्याचे पाणी थोडे चुकले तरी सगळा माल फाटतो. म्हणजे कामगार नको म्हणून जे काढले, त्याला मोजणारा माणूस अधिकच दक्ष लागतो. पाण्यासारखे वाहते म्हणून सेंट्रिंगच्या फळ्यांवर जास्त दाब देते आणि ढिली फळी असेल तर फोडून बाहेर येते. तारा घातल्या म्हणून मोठ्या तुळईची सळई वगळता येत नाही. आणि ज्या बाया शिडीवर घमेली घेऊन उभ्या असतात त्यांची रोजी कुठे जाईल, हेही कोणीतरी विचारले पाहिजे. जपानात माणसे कमी पडली होती, आमच्याकडे काम कमी पडते. हिमायतनगरच्या घरकुलात उद्याच हे काँक्रीट येईल, असे मला वाटत नाही. तोपर्यंत नळीच्या जागी मापाचा डबा आला आणि भाड्याचा व्हायब्रेटर दिवसभर चालू राहिला, तरी पुष्कळ होईल.

आमचे मिस्त्री मात्र वेगळ्याच गोष्टीवर विचारात पडले. शाळेच्या कुंपणाचे काम चालले होते, तेव्हा मी त्यांना नांदेडची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी विडी विझवली आणि विचारले, "त्या तारा मालासंगं वाहत जात्यात म्हंता. मग पाटाच्या पाण्यात गवत आडवं पडतं, तशा त्या एकाच अंगानं निजत असतील. माल कोणत्या टोकाकडून वतायचा, ते पुसलं का पोरीला?" मी पुसले नव्हते. तिथूनच तिला फोन लावला. ती म्हणाली, अगदी बरोबर आहे. तारा प्रवाहाच्या दिशेने लोळतात, म्हणून तुळई एकाच टोकाकडून भरायची, म्हणजे त्या लांबीच्या बाजूने निजतील आणि भेगेला आडव्या येतील. मध्ये ओतले की तारा भलतीकडे तोंड करतात आणि त्याच मालाची तुळई कमजोर निघते. मिस्त्रींनी मान डोलावली, थापी धुतली आणि पोराला हाक मारली, "ए, त्या कोपऱ्याकडून भर रे. मधी वतू नको."